कॅम्पस पोलिसांचा मोफत वर्ग, धोक्याचे मेसेज आणि आमच्या इमारतीची दारं : एक परीक्षण

कॅम्पसवर गोळीबार किंवा तसा हल्ला झाला तर काय करायचं, हे शिकवणारी आणि वेळेवर कळवणारी जी व्यवस्था आमच्या विद्यापीठात आहे, तिचं हे परीक्षण. ऑगस्टमध्ये इकडे, अमेरिकेत, येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहिते आहे. फी, भाडं, विमा, कुकर कुठला आणायचा यांवर भरपूर लिहिलं जातं. यावर कुणी लिहीत नाही. विषय अशुभ वाटतो म्हणून असेल.

मी मूळची कोल्हापूरची. ओहायोतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करते आणि टीए, म्हणजे शिकवण्याचं काम करणारी विद्यार्थिनी म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांची लॅब घेते. लॅब चालू असते तेवढा वेळ ती सगळी मुलं आणि त्या खोलीची दारं माझ्या भरवशावर असतात. त्यामुळे हे सगळं मी ग्राहकाच्या नजरेने तपासलं आहे. यातलं बहुतेक मोफत असलं, तरी त्याचे पैसे आपल्या फीमधूनच जातात. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण इतर ठिकाणच्या मित्रमैत्रिणींकडून ऐकलं तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चित्र आहे.

गुण आधीच सांगते. कॅम्पस पोलिसांच्या वर्गाला पाचपैकी साडेचार. रक्तस्राव थांबवायच्या प्रशिक्षणाला पाचपैकी पाच. धोक्याच्या मेसेजसेवेला तीन. आमच्या इमारतीच्या दारांना एक.

वर्गापासून सुरुवात करते. तो पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी होतो, साधारण दोन तास चालतो. नोंदणी ऑनलाइन करायची, ओळखपत्र दाखवायचं, बस. शिकवणाऱ्या सार्जंटबाई आधी ॲम्ब्युलन्सवर काम करत होत्या. आवाज चढवत नाहीत, भीती घालत नाहीत. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती वेळेची. एफबीआयने २००० ते २०१३ या काळातल्या अशा १६० घटनांचा अभ्यास केला होता. ज्या ६३ घटनांना किती वेळ लागला हे नक्की कळलं, त्यांपैकी ४४ पाच मिनिटांत किंवा त्याच्या आत संपल्या, आणि त्या ४४ पैकी २३ तर दोन मिनिटांच्या आत. म्हणजे पोलीस कितीही वेगाने आले तरी सुरुवातीचा वेळ आपला एकट्याचा असतो. हे ऐकल्यावर खोलीत कुणी फोनकडे बघत नव्हतं.

शिकवतात तीच त्रिसूत्री, जी ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली आणि आता इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते: पळा, लपा, आणि दुसरा उपायच उरला नाही तर लढा. भित्तिपत्रकावर हे तीन शब्द सगळेच वाचतात. वर्गाची किंमत आहे ती त्या शब्दांच्या आत काय आहे ते कळण्यात. पळायचं म्हणजे बॅग, लॅपटॉप, पासपोर्ट सगळं तिथेच टाकून पळायचं. पासपोर्टचं नाव काढल्यावर आम्ही सगळे परदेशी विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागलो. सार्जंटबाईंच्या ते लक्षात आलं. पासपोर्ट, आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) हे रोज बरोबर बाळगू नका, घरी ठेवा आणि प्रती ईमेलमध्ये ठेवा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. पळताना सरळ गाडीकडे जायचं नाही, दिसेल त्या मजबूत आडोशाआडून लांब जायचं. कुणी यायला तयार नसेल तर त्याची समजूत घालत थांबायचं नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, मलाही वाटलं, पण त्यांनी ते दोनदा सांगितलं.

लपायचं म्हणजे टेबलाखाली बसून राहणं नव्हे. दार बंद करायचं, कुलूप लावायचं, दिवे घालवायचे, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा भिंतीकडे सरकायचं, टेबलं-कपाटं दाराला लावायची. फोन सायलेंटवर ठेवायचा, आणि व्हायब्रेशनसुद्धा बंद, कारण बाकावर पडलेला फोन थरथरला की शांत खोलीत तो आवाज बाहेर जातो. हे सगळं त्या नुसतं सांगत नाहीत. मधल्या वेळात सगळ्यांना खालच्या मजल्यावरच्या एका खऱ्या वर्गात नेतात आणि म्हणतात, करा. आम्ही धावपळ केली, टेबलं ओढली, आणि मग कळलं की त्या दाराचा खटका कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा निम्म्या वेळात झालं. फक्त एवढ्यासाठीही हा वर्ग करावा.

आवाजाचा भागही फार उपयोगी आहे. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला झाडलेल्या गोळीचा आवाज बंद दारांतून कसा ऐकू येतो याचं ध्वनिमुद्रण त्या लावतात. तो ओळखीचा वाटत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला गोळीबार झाला, तेव्हा तिथल्या नॉरिस हॉल या इमारतीत असलेल्या अनेकांना तो बांधकामाचा ठोकाठोकीचा आवाज वाटला होता. आपल्या कानाला तर असा आवाज आला की आधी गल्लीत कुणीतरी लवंगी माळ लावली असंच वाटणार. त्यांचं सांगणं असं की आवाज कशाचा आहे हे ठरवत बसू नका. शंका आली की हला. फटाका निघाला तर कुणी हसणार नाही.

नॉरिस हॉलचा नकाशा त्या फळ्यावर काढतात, आणि वर्गाचा हा भाग माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी एकूण ३२ जण मारले गेले, त्यांतले ३० या एका इमारतीत. हल्लेखोराने बाहेर जायची मुख्य दारं आतून साखळ्यांनी बांधून ठेवली होती. अमेरिकन हिशेबाने दुसऱ्या, म्हणजे आपल्या पहिल्या मजल्यावरचे वर्ग. खोली २०५ मधल्या मुलांनी आवाज ऐकून एक टेबल दाराला लावलं आणि जमिनीशी वाकून ते धरून ठेवलं. त्याने दारातून गोळ्या झाडल्या, पण त्याला आत येता आलं नाही. त्या खोलीत कुणालाही इजा झाली नाही. शेजारच्या २०४ मध्ये प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू होते, ७६ वर्षांचे, लहानपणी ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेले. त्यांनी दार अडवून धरलं आणि मुलांना खिडक्यांतून उड्या मारायला लावल्या. बरीच मुलं वाचली, ते स्वतः वाचले नाहीत. २०६ मध्ये जलविज्ञान शिकवणारे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, तमिळनाडूतून आलेले. ते गेले. त्यांच्या वर्गातली मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही गेली. मी तेव्हा कोल्हापुरात शाळेत होते, बातमी अंधुक आठवते. आपल्यासारखीच व्हिसाच्या रांगेत उभी राहून आलेली मुलगी त्या खोलीत होती, हे फळ्यावरच्या चौकोनाकडे बघताना मला पहिल्यांदा नीट उमगलं.

सार्जंटबाई या प्रसंगावरून कुणाला शूर आणि कुणाला भित्रं ठरवत नाहीत. त्या फक्त दाखवतात की एकाच मजल्यावर, एकाच दहा-बारा मिनिटांत, कुठल्या दाराचं काय झालं.

लढायच्या भागावर त्या कमी वेळ घेतात आणि ते योग्य आहे. तोच एफबीआयचा अभ्यास सांगतो की १६० पैकी २१ घटना निःशस्त्र माणसांनी हल्लेखोराला आवरल्यामुळे थांबल्या. म्हणजे ते अशक्य नाही. पण ते शेवटचं आहे, आणि करायचं तर सगळ्यांनी एकदम, हातात येईल ते घेऊन, अर्धवट न करता. अग्निशामक नळकांडं सगळ्यात उपयोगी, असं त्यांनी सांगितलं.

पोलीस आत आले की काय करायचं, हा भाग आपल्या मुलांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. आपल्याकडे पोलीस दिसले की लोक धावत त्यांच्याकडे जातात, हात धरतात, बोट दाखवून सांगायला लागतात. इथे तसं अजिबात करायचं नाही. दोन्ही हात रिकामे, वर, बोटं पसरलेली. हातात फोनसुद्धा नको. ओरडायचं नाही, धावून जायचं नाही, सांगतील तसं करायचं. आणि पहिले आलेले पोलीस जखमींजवळ थांबत नाहीत, त्यांना ओलांडून पुढे जातात, याचा धक्का बसू द्यायचा नाही. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला तेव्हा पोलीस बाहेर विशेष पथकाची वाट बघत राहिले. त्यानंतर इथली पद्धतच बदलली. आता जे पहिले पोचतात ते थेट आवाजाच्या दिशेने जातात.

मग अर्धा गुण का कापला? एक तर हा वर्ग ऐच्छिक आहे. विद्यापीठ आमच्याकडून विस्तव, रसायनं, कचरा यांचं प्रशिक्षण सक्तीने करून घेतं, हे मात्र ज्याला वाटेल त्याने करावं. वेळही संध्याकाळची, जेव्हा निम्म्या टीए लॅबमध्ये असतात. दुसरं म्हणजे वर्गखोली सोडून इतर जागांचा विचार कमी आहे. मी विचारलं, माझ्या लॅबमध्ये बर्नर पेटलेले असतील, कुणाच्या हातात आम्ल असेल, तर? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की याचं उत्तर तुमच्या विभागाशी बसून ठरवावं लागेल. आम्ही नंतर ते ठरवलं: गॅसचा मुख्य खटका दाराजवळच आहे, टीएने तो बंद करायचा, हातातलं भांडं बाकावर ठेवायचं, आवरत बसायचं नाही. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या विद्यार्थ्यांबद्दलही वर्गात दोनच वाक्यं झाली. लिफ्ट वापरता येईल की नाही, मदतीला कोण, हे आधीच ठरवून ठेवायला हवं आणि त्यावर सविस्तर बोलायला हवं.

तिसरी उणीव मला सगळ्यात मोठी वाटते. असा हल्ला करणारा माणूस पुष्कळदा आधी कुणाजवळ तरी काहीतरी बोललेला असतो, लिहिलेला असतो. व्हर्जिनिया टेकनंतर २००८ मध्ये व्हर्जिनिया राज्याने प्रत्येक सरकारी विद्यापीठात धोका ओळखणारा गट असलाच पाहिजे असा कायदा केला. आमच्याकडेही तसा गट आहे, त्यात समुपदेशक आहेत, पोलीस आहेत, विद्यार्थी विभागाचे लोक आहेत. एखाद्याचं वागणं काळजी वाटण्यासारखं असेल तर त्यांना कळवता येतं, आणि कळवलं म्हणजे त्या मुलाला लगेच बेड्या पडतात असं नाही. बहुतेक वेळा कुणीतरी त्याच्याशी जाऊन बोलतं. याला वर्गात जेमतेम पाच मिनिटं मिळाली. आपल्या मुलांमध्ये 'कशाला कुणाचं नाव घ्या, उगाच त्याचा व्हिसा जायचा' ही भावना इतकी पक्की आहे की या विषयाला अर्धा तास द्यायला हवा होता.

रक्तस्राव थांबवायचं प्रशिक्षण वेगळं आहे. 'स्टॉप द ब्लीड' नावाची ही मोहीम २०१५ मध्ये व्हाइट हाउसमधून सुरू झाली, आणि आता अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ती चालवतं. आमच्याकडे विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या परिचारिका शिकवायला येतात. बोलणं थोडं, हात चालवणं जास्त. फोमच्या नकली मांडीला भोक असतं, त्यात गॉझ बोटाने खोलवर भरत जायचा, भरून झाला की दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून दाबायचं आणि सोडायचं नाही. पट्टा, म्हणजे टर्निकेट, फक्त हातापायांना. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, आणि दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची. माणूस वेदनेने ओरडेल, तरी सैल करायचा नाही. किती वाजता बांधला ते पट्ट्यावर लिहायचं. काढायचं काम डॉक्टरांचं. मान, काख, जांघ इथे पट्टा चालत नाही. तिथे दाबच. आम्ही घरी एकमेकींच्या हातावर बांधून सराव केला तेव्हा कळलं की आपण जेवढा आवळतो तेवढा पुरत नाही.

याला पूर्ण गुण देण्याचं कारण असं की हे ज्ञान फक्त गोळीबारासाठी नाही. लॅबमध्ये काच फुटते, रस्त्यावर अपघात होतात. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाला हे यायला हवं. आमच्या इमारतींत हृदयासाठीच्या विजेच्या यंत्राशेजारीच लाल पेटी आहे, तिच्यात पट्टा आणि गॉझ असतो. आपल्या मजल्यावर ती कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा.

आता मेसेजसेवा. इथल्या कायद्याची पार्श्वभूमी थोडी कळली तर ही सेवा आपल्याला का मिळते ते कळेल. १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांनी लढून १९९० मध्ये कायदा करून घेतला की विद्यापीठांनी आपल्या आवारातले गुन्हे लपवायचे नाहीत. आजही दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक विद्यापीठाला सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. प्रवेश घेताना क्रमवारीबरोबर तोही वाचा, संकेतस्थळावर असतो. व्हर्जिनिया टेकमध्ये पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात झाला, विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९:२६ ला, आणि नॉरिस हॉलमधला हल्ला सुरू झाला तो ९:४० च्या आसपास. या दोन तासांबद्दल सरकारने विद्यापीठाला दंड केला, आणि २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: धोका आहे याची खात्री होताच विनाविलंब सगळ्यांना कळवायचं, आणि ही यंत्रणा वर्षातून एकदा तरी तपासायची.

ही सेवा असणं ही मोठी गोष्ट आहे, हे मान्य करूनच तीन गुण दिले आहेत. दोन का कापले ते सांगते.

आमच्याकडे ईमेल आपोआप येतो, पण एसएमएससाठी आपला नंबर आपणच घालावा लागतो. प्रवेशाच्या वेळी आपण भारतातला नंबर लिहिलेला असतो. इथे आल्यावर सिम बदलतो, व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं, आणि विद्यापीठाच्या नोंदीत तो भारतातलाच नंबर राहतो. त्यावर मेसेज येत नाही. आमच्या विभागातल्या भारतीय मुलांना मी विचारलं तेव्हा कित्येकांची हीच गत होती. ओरिएंटेशनमध्ये यावर एक ओळ असते, तीही विमा आणि बँक खात्याच्या मधे. ही चूक विद्यार्थ्यांची नाही, नोंद करून घेणाऱ्यांची आहे. सिम घेतल्या दिवशीच नंबर बदला. दरमहा चाचणीचा मेसेज येतो, तो आला नाही तर त्याच दिवशी तक्रार करा.

मागच्या वर्षी आमच्याकडे खोट्या फोनमुळे खरा गोंधळ झाला. ग्रंथालयात बंदूकधारी आहे असा फोन कुणीतरी केला होता. अशा खोट्या फोनांची लाटच आली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच दिवशी व्हिलानोव्हा विद्यापीठ आणि टेनेसी विद्यापीठाचं चॅटनूगा कॅम्पस यांच्याकडे असे फोन गेले आणि पुढच्या काही दिवसांत आणखी बऱ्याच ठिकाणी. आमच्याकडे पहिला मेसेज आला त्यात 'ग्रंथालयाजवळ पोलीस कारवाई, परिसर टाळा' एवढंच होतं. ग्रंथालयाच्या आत जे होते त्यांनी काय करायचं? मला मेसेज आला तेव्हा शेजारच्या बाकावरच्या माझ्या सहकाऱ्याला आला नव्हता, त्याला बऱ्याच वेळाने आला. तळघरातल्या यंत्रांच्या खोलीत सिग्नलच नसतो, तिथल्या दोघींना कुणीतरी जिना उतरून जाऊन सांगितलं. आणि धोका टळल्याचा मेसेज येईपर्यंत मधे काहीच नाही. अशा वेळी 'अजून तपास चालू आहे, आहात तिथेच थांबा' एवढं दर काही मिनिटांनी सांगितलं तरी माणसाचा जीव थाऱ्यावर राहतो. मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यात: काय घडतंय, कुठे घडतंय, तुम्ही काय करायचं. तिसरी नसेल तर पहिल्या दोन नुसती धडधड वाढवतात.

आणि सगळं नीट चाललं तरी मेसेज उशिराच येणार. मिशिगन स्टेट विद्यापीठात १३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री बर्की हॉलमध्ये गोळीबार झाला. पोलिसांना पहिला फोन ८:१८ ला आला आणि विद्यार्थ्यांना सूचना गेली ती साधारण साडेआठला. पोलीस तोवर केव्हाच पोचले होते. त्या रात्री तीन विद्यार्थी गेले, पाच जखमी झाले. वर दिलेले पाच मिनिटांचे आकडे यासमोर ठेवून बघा. म्हणून मेसेजची वाट बघू नका. मेसेज हा मुख्यतः जे लांब आहेत त्यांना लांब ठेवण्यासाठी आहे. जे जवळ आहेत त्यांना आपल्या कानांवर आणि दारावर विसंबावं लागतं.

मिशिगन स्टेटच्या त्याच रात्री पोलिसांचा रेडिओ ऐकून लोकांनी पसरवलेल्या बातम्यांनी फार हाल केले. इथेही गोळ्या, तिथेही गोळ्या, असे फोन पोलिसांना येत राहिले. प्रत्यक्षात हल्ला दोनच इमारतींत झाला होता. आमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या खोट्या फोनच्या दिवशी हेच झालं. नंतर आम्ही ग्रुपचा नियम केला: अशा वेळी फक्त विद्यापीठाचा अधिकृत मेसेज किंवा 'मी अमुक ठिकाणी, सुरक्षित' एवढंच लिहायचं. ऐकीव काही नाही. नियम पाळला जातो.

घरच्यांसाठी एक ओळ आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे दुपार असते तेव्हा कोल्हापुरात मध्यरात्र होत आलेली असते आणि बातमी वाहिन्यांना झोप नसते. बाबांनी टीव्हीवर नाव ऐकलं की ते पहिला फोन करणार, आणि तुम्ही अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले असणार. 'मी सुरक्षित आहे. फोन करू नका. मी करते.' हा मजकूर माझ्या फोनमध्ये तयार आहे, आणि आईला समजावून ठेवलं आहे की असा मेसेज आला तर उत्तरही द्यायचं नाही. २८ ऑगस्ट २०२३ ला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, एका प्राध्यापकांची हत्या झाली आणि मुलं काही तास कोंडून बसली होती. त्यांच्या विद्यार्थी वृत्तपत्राने, 'द डेली टार हील'ने, पहिलं पान फक्त त्या वेळी आलेल्या-गेलेल्या मेसेजांनी भरलं होतं. कुठे आहेस, ठीक आहेस ना, उत्तर दे. सगळ्या घरांत हेच चाललेलं असतं.

दारांबद्दल मी सगळ्यात जास्त चिडलेली आहे. १ जून २०१६ ला यूसीएलएमध्ये, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, एका प्राध्यापकांची गोळी घालून हत्या झाली, तेव्हा कित्येक वर्गांतल्या मुलांना कळलं की आपलं दार बाहेर उघडतं आणि त्याला आतून कुलूपच नाही. त्यांनी कमरेचे पट्टे आणि वायरी दाराच्या यंत्राला बांधून ती ओढून धरली. त्याचे फोटो देशभर छापून आले. मिशिगन स्टेटने २०२३ च्या हल्ल्यानंतर वर्गांना आतून बंद होणारी कुलपं बसवायचं काम हाती घेतलं. १७ एप्रिल २०२५ ला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, दोघे गेले, आणि तिथेही मुलांनी सांगितलं की आमचं दार आतून बंद होत नव्हतं. प्रत्येक वेळी आधी माणसं जातात आणि मग कुलपं येतात.

आमच्या इमारतीत व्याख्यानाच्या मोठ्या खोल्यांची दारं बाहेर उघडतात आणि कुलूप बाहेरून किल्लीने लागतं. किल्ली कुणाकडे, तर विभागाच्या कचेरीत. म्हणजे कुलूप लावायला बाहेर जायचं. मी आणि दोन टीए मिळून विभागाच्या सुरक्षा समितीकडे गेलो, फोटो काढून दिले, यूसीएलएचं उदाहरण लिहून दिलं. आमच्या मजल्यावरच्या शिकवायच्या लॅबना आतून फिरवायचा खटका बसवून मिळाला आणि दाराच्या काचेवर पडदा. मोठ्या खोल्यांना अजून नाही. उत्तर आहे की निधी मंजूर व्हायचा आहे. तो एक गुण त्या लॅबच्या खटक्यांना. तुम्ही स्वतः काही बसवायला जाऊ नका. आग लागली तर दार आतून एका झटक्यात उघडायलाच हवं, त्याचे नियम कडक आहेत आणि ते बरोबर आहेत. पण विचारा, लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. नव्या वर्गात पहिल्या दिवशी बसाल तेव्हा दार कुठल्या बाजूला उघडतं आणि खटका आहे का एवढं बघायला काही क्षण लागतात.

निळ्या दिव्याचे मदतीचे खांब, रात्री घरी सोडणारी गाडी, पोलिसांचं ॲप, या बाकी सेवा ठीक आहेत. गाडी मी नेहमी वापरते, चालक सौजन्याने वागतात. ॲपमधून न बोलता पोलिसांना मजकूर पाठवता येतो, लपलेलं असताना त्याचा उपयोग होईल. बऱ्याच भागांत ९११ ला एसएमएसही करता येतो, आपल्या गावात चालतो का ते पोलिसांना विचारून ठेवा.

पालकांना एक सांगते. हे वाचून मुलीचं तिकीट रद्द करू नका. कुठल्याही एका विद्यापीठात, कुठल्याही एका दिवशी असं घडण्याची शक्यता फारच थोडी आहे. मी इथे रात्री लॅबमधून एकटी येते आणि आनंदाने राहते. पण इथे बंदुका आहेत, तेव्हा इथे राहायचं तर हे शिकून राहायचं.

वर्गाबद्दल एक माहिती राहिली. दहा-बारा जणांचा गट असेल तर पोलीस तुमच्या जागी येऊन वर्ग घेतात, पैसे पडत नाहीत. गणपतीच्या आधी आम्ही आमच्या अपार्टमेंटच्या सभागृहात तो ठेवला होता. मुलांना भेटायला आलेले काही आईवडीलही बसले. साताऱ्याच्या एका काकूंनी मुलीकरवी विचारलं, मला इंग्रजी येत नाही, मी एकटी घरी असताना काही झालं तर ९११ ला काय सांगू? सार्जंटबाई म्हणाल्या, आधी पत्ता सांगा, कारण फोन तुटला तरी आम्ही येऊ शकतो, आणि मग एकच शब्द म्हणा, 'मराठी'. दुभाष्या जोडून देतात. काकूंनी घराचा पत्ता देवनागरीत लिहून फ्रिजवर लावला आहे. गटासाठी नोंदणी पोलिसांच्या संकेतस्थळावर 'कम्युनिटी आउटरीच'खाली होते. सत्र सुरू झालं की तारखा भराभर भरतात, तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीलाच मागणी करा, आणि तुमच्या इमारतीत लॅब असेल तर मागणीत तसं लिहा, म्हणजे त्या तयारीने येतील.